पोयबावडी ते राजगृह

परळच्या पोयबावडीला सकाळी सातच्या सुमारास केईएमकडे डबे घेऊन निघालेली माणसं दिसतात, रात्रपाळी संपवून बसस्टॉपवर टेकलेल्या नर्स दिसतात, आणि एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून पत्ता विचारणारे गावाकडचे म्हातारे दिसतात. पाहुण्यांना मुंबई दाखवायला इथे कुणी आणत नाही. त्यांच्यासाठी गेटवे असतो, राणीचा बाग असतो, फार तर म्हातारीचा बूट. पण विसाव्या शतकातला महाराष्ट्र कुठे घडला असं मला कुणी विचारलं, तर मी त्याला आधी इथे आणीन. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची एक नंबरची चाळ, दुसरा मजला, खोली नंबर ५० आणि ५१. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून सुमारे बावीस वर्षं इथे राहिले.

बावीस वर्षं म्हणजे किती, ते तारखा मांडल्या की कळतं. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात शिकायला निघाले, तेव्हा मागे राहिलेलं घर हे. १९२० चा 'मूकनायक', १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चं महाडचं चवदार तळं, १९३० ची लंडनची गोलमेज परिषद, सगळं या चाळीत राहत असताना. १४ ऑगस्ट १९३१ ला गांधीजींना भेटायला ते गावदेवीच्या मणिभवनात गेले, तेव्हाही त्यांचं घर परळलाच होतं. गोलमेज परिषदेत ब्रिटनच्या पंतप्रधानांसमोर बोलून आलेला माणूस बोटीवरून उतरून परत याच जिन्याने वर चढला. पुस्तकात हे सगळं मी वाचलेलं होतं. जिन्याशी उभी राहिले तेव्हा ते अंगावर आलं.

मी परळला एका ऑफिसात नोकरी करते. माझं माहेर शिवडीचं, त्यामुळे हा भाग पायाखालचा. अधूनमधून रविवारी सकाळी पंधरावीस जणांना घेऊन मी पोयबावडीपासून दादरच्या हिंदू कॉलनीपर्यंत, बाबासाहेबांच्या राजगृह या घरापर्यंत चालते. कॉलेजची मुलं असतात, कधी शिक्षक, कधी ठाण्या-कल्याणहून आलेलं एखादं अख्खं कुटुंब. हा रस्ता मला दाखवला तो चाळीतच वाढलेल्या एका काकांनी. ते गिरणीत होते. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी सुटली, मग मिळेल ते काम केलं. त्यांच्याकडे ना माईक, ना गळ्यात ओळखपत्र. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ताई, इथे माणसं राहतात. आपण त्यांच्या दारात जातोय." माझ्या वॉकचे सगळे नियम या एका वाक्यातून निघाले.

चाळीकडे वळण्याआधी मी प्लेगविषयी सांगते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, माणसं पटापट मरू लागली, लाखो लोक शहर सोडून गेले. गिरण्या ओस पडल्या तेव्हा सरकार जागं झालं, आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. कोंदट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, कामगारांसाठी हवेशीर चाळी बांधायच्या. बीआयटी चाळ म्हणतात ती ही. त्याच प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली, ती जागा इथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. एका साथीने परळला एकीकडे संशोधन संस्था दिली आणि दुसरीकडे कामगारांच्या चाळी. त्या चाळींपैकी एका चाळीत सुभेदार रामजी सकपाळ आपल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला घेऊन राहायला आले.

त्याआधी हे कुटुंब लोअर परळला डबक चाळीत राहत होतं. एकच खोली, त्यात चूल, जळण, जातं, शेळी आणि अभ्यास. वडील रात्री लवकर झोपायचे आणि पहाटे दोनला भीमरावाला उठवायचे, म्हणजे घर आणि चाळ जागी होण्याआधी त्याला शांतता मिळावी. पुस्तकासाठी पैसे नसले की रामजी आपल्या विवाहित मुलीकडे जायचे, तिचा दागिना मागून आणायचे, गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. हे चरित्रांत आहे, बहुतेकांनी वाचलेलंही असतं. पण खाली रस्त्यावर उभं राहून सांगितलं की ऐकणारे वर खिडक्यांकडे बघायला लागतात.

जिना चढताना आम्ही बोलत नाही. रविवारची सकाळ असते, कुणाची पाळी रात्रीची असते, कुणाचं लहान मूल झोपलेलं असतं. मधला पॅसेज, दोन्ही अंगांना खोल्या. दाराबाहेर पाण्याचे निळे पिंप, त्यावर उपडी ठेवलेली बादली, चपलांचा स्टँड, मीटरच्या वायरींचा गुंता, दोरीवर मुलांचे शाळेचे मोजे. त्या दिवशी एका दारात एक बाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांनी सूप उचलून मांडीवर घेतलं, पाय आखडले, "या, या, जय भीम" म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचू लागल्या. त्यांना आमचं नवल नव्हतं. त्यांच्या लग्नानंतर पहिल्या वर्षापासून त्या या पॅसेजमधून जाणारी माणसं बघत आल्या आहेत.

खोलीत परवानगी मिळाली तरच जायचं, आणि एका वेळी चार-पाच जणांनी. काका वॉकला यायचे तेव्हा ते आत आलेल्यांना भिंतीला पाठ लावून उभं करायचे. "आता मधे किती जागा उरली बघा," म्हणायचे. चार पावलं टाकली की समोरची भिंत येते. मग ते सांगायचे की साहेबांच्या एका खोलीत घर होतं आणि एका खोलीत पुस्तकं होती. घरातली माणसं एका खोलीत दाटीवाटीने राहिली, कारण दुसरी पुस्तकांची होती. बाबासाहेब १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, पगार महिना ४५० रुपये. त्या काळात चांगल्या वस्तीत बिऱ्हाड करायला ती रक्कम पुरेशी होती. ते हलले नाहीत. लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायचं होतं, त्यासाठी पैसा साठत होता. कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांना भेटायला स्वतः या चाळीत आले होते, ही गोष्ट इथली म्हातारी माणसं अजून सांगतात, आणि सांगताना हात करून कुठल्या बाजूने आले तेही दाखवतात.

याच घरात २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले. भीमराव तेव्हा बडोद्याला नोकरीवर रुजू होऊन काही दिवसच झाले होते. तार मिळताच निघाले, वाटेत सुरतला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी. घरी पोहोचले तेव्हा वडिलांचे डोळे दाराकडे लागलेले होते. मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि काही वेळाने प्राण सोडला. ही गोष्ट मी पॅसेजमध्ये सांगत नाही, खाली आल्यावर सांगते, कारण एकदा वर सांगितली तेव्हा दारातल्या आजींनी पदर डोळ्यांना लावला. त्यांच्या घराच्या उंबऱ्यावर त्यांना रडवायचा मला अधिकार नाही.

माझा स्वतःचा पाय सगळ्यात जास्त अडतो तो रमाबाईंपाशी. त्यांचं लग्न लागलं भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर, उघड्या शेडखाली. नवरा अमेरिकेत, मग लंडनमध्ये, आणि पोयबावडीच्या या खोलीत घर चालवणाऱ्या त्या. वरळीकडे जाऊन शेण गोळा करायच्या, गोवऱ्या थापायच्या. बॅरिस्टरची बायको शेण वेचते असं कुणी म्हणू नये म्हणून अंधारात जायच्या, असंही सांगतात. परळ ते वरळी हे अंतर आज टॅक्सीत बसून जाणाऱ्याला काहीच वाटत नाही. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन ते चालून बघायला हवं. यशवंत जगला, पण गंगाधर, रमेश, इंदू अशी मुलं गेली. धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, महाडला बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. महाडचा इतिहास शिकवताना हे आठ महिने कुणी शिकवत नाही. ते समजतात ते या पॅसेजमध्ये, पाण्याच्या पिंपांशेजारी. वॉकला आलेल्या बायका इथे हमखास रेंगाळतात. एकदा कल्याणच्या एका ताईंनी विचारलं, "नळ कुठे होता त्यांचा?" मला तो प्रश्न फार आवडला. पाणी, चूल, आजारी मूल यांची सोय कुठे होती हे विचारल्याशिवाय घर कळत नाही, आणि घर कळल्याशिवाय त्या घरातून बाहेर पडून काम करणारा माणूसही पुरता कळत नाही.

चाळीतून खाली उतरून आम्ही दामोदर हॉलकडे जातो. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सुरू केलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू. कामगारांची नाटकं इथे व्हायची, झडझडून व्हायची. ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी इथे सभा बोलावली आणि त्यातून २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. 'शिकवा, चेतवा, संघटित करा' हे तिचं ब्रीद. बाबासाहेबांचं ऑफिस इथेच होतं. पक्षकार, गिरणी कामगार, गावाकडून गाऱ्हाणं घेऊन आलेली माणसं इथे येऊन बसायची. घर, ऑफिस, सभेचा हॉल, आणि ज्यांच्यासाठी काम करायचं ती माणसं, सगळं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. हायकोर्टात वकिली करणाऱ्या माणसाने कचेरी फोर्टात थाटायची हा रिवाज होता. त्यांनी ती परळला ठेवली. गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्याला ट्रामचं भाडं पडू नये, दारवानाची भीती वाटू नये, एवढा विचार त्यात होता असं मला वाटतं, आणि त्या जागेत उभं राहिलं की माझी तशी खात्रीच पटते.

जुनं दामोदर नाट्यगृह आता पाडलं आहे. तिथे नवं बांधकाम व्हायचं आहे. हॉलपाशी आम्ही थांबतो ते पत्र्याच्या कुंपणाबाहेर. मुलं विचारतात, मग दाखवणार काय? मी त्यांना कुंपणापासून चाळीकडे पाहायला सांगते आणि चालत किती मिनिटं लागली ते विचारते. ते अंतर अजून शाबूत आहे.

कामगार मैदान मात्र आहे. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे आंबेडकर आणि कम्युनिस्ट पक्षाचे डांगे इथे एका व्यासपीठावर आले. तोवर बाबासाहेब दादरला राहायला गेले होते, पण सभा परळलाच. आमच्या वेळी मैदानात टेनिस बॉलचे दोन-तीन सामने एकमेकांत मिसळून चाललेले असतात. कडेला उभं राहून पाच मिनिटांत सांगते आणि पुढे निघते.

या वॉकबद्दल एक आग्रह मला मोकळेपणाने मांडायचा आहे. एका सकाळी दहा ठिकाणं उरकणारे वॉक मला पटत नाहीत. पाटी दाखवली, फोटो काढला, पुढे चला, असं करून परळ कळत नाही. इथे राजवाडा नाही, घुमट नाही, डोळे दिपवणारं काही नाही. इथलं वैभव पॅसेजच्या लांबीत आणि खोलीच्या रुंदीत आहे, आणि ते बघायला वेळ द्यावा लागतो. घरातले फोटो काढायचे नाहीत, लहान मुलांचे तर अजिबात नाहीत. चाळीतल्या कुणाला काही सांगावंसं वाटलं तर आपण गप्प बसायचं, मग आपली टिपणं कितीही चांगली असोत. वॉकच्या पैशांतला वाटा चाळीच्या कामाला गेला पाहिजे. आणि आलेल्यांपैकी ज्यांनी बाबासाहेबांचं काहीच वाचलेलं नाही, त्यांना कमी लेखायचं नाही. ते आले आहेत, हेच मोठं.

तसं पाहिलं तर मुंबईतला सगळ्यात मोठा इतिहास-वॉक कुणी आयोजित करत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून, राज्याबाहेरूनही लाखो माणसं दादरला उतरतात. चैत्यभूमीची रांग तासन्‌तास लावतात, शिवाजी पार्कात मुक्काम करतात, पुस्तकं विकत घेतात, आणि मग त्यातली कितीतरी माणसं राजगृहाचा रस्ता विचारतात, काही पोयबावडीपर्यंत येतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली आणि नव्याने घेतलेली पुस्तकं. त्यांना वाट आजोबांनी सांगितलेली असते. परभणीकडच्या एका आजीबाई मला चाळीच्या दारात भेटल्या होत्या. त्यांनी पायरीला हात लावून नमस्कार केला आणि सोबतच्या नातवाला म्हणाल्या, "इथून साहेब शाळा शिकवायला जायचे." कॉलेज म्हणायचं ते शाळा म्हटलं, एवढंच. त्या पायरीशी त्यांचं जे नातं होतं ते मला कुठल्याही माहितीपत्रकात लिहिता येणार नाही. आम्ही शहरातली माणसं वॉकच्या नावाने जे अलीकडे करू लागलो आहोत, ते ही माणसं कित्येक दशकं करत आली आहेत, स्वखर्चाने, अनारक्षित डब्यातून.

पोयबावडीहून दादरकडे जाणारा रस्ता म्हणजे पूर्वीचा व्हिन्सेंट रोड, आताचा डॉ. आंबेडकर रोड. वरून उड्डाणपूल, खाली हिंदमाताची कपड्यांची दुकानं, डावीउजवीकडे नायगावच्या गल्ल्या. रमतगमत गेलं तर पाऊण तास. मे १९३६ च्या अखेरीस नायगावला मुंबई इलाखा महार परिषद भरली आणि बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केलं. धर्मांतर का, याचं सविस्तर उत्तर लोकांसमोर ठेवलं. ऊन चढलेलं असतं, सगळ्यांना चहा हवा असतो, त्यामुळे इथे मी फार बोलत नाही.

खोदादाद सर्कल ओलांडून हिंदू कॉलनीत शिरलं की आवाज एकदम कमी होतो. झाडं, जुन्या बुटक्या इमारती, गेटवर वर्तमानपत्र चाळणारे वॉचमन. राजगृह इथे आहे. मगधाच्या प्राचीन राजधानीचं नाव दिलेलं, मुद्दाम पुस्तकांसाठी बांधून घेतलेलं घर. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेब इथे राहायला आले आणि पुस्तकांना पहिल्यांदा ऐसपैस जागा मिळाली. हजारो ग्रंथ होते. पोयबावडीची खोली बघून पाऊण तास चालून आलेल्या माणसाला हे घर वेगळं दिसतं. थेट टॅक्सीने आलेल्याला तो एक बंगला वाटतो. पायी आलेल्याला मनातल्या मनात त्या चार पावलांच्या खोलीशी मोजता येतं, की केवढ्या टंचाईतून हा माणूस वाचत, लिहीत इथवर आला. तळमजल्यावरच्या संग्रहालयात त्यांच्या वापरातल्या वस्तू आहेत. मुलं काठ्या आणि भांडी बघतात, मोठी माणसं फोटो बघतात. रमाबाई या घरात फार दिवस राहिल्या नाहीत. २७ मे १९३५ ला त्या इथेच गेल्या. आयुष्यभर चाळीतली खोली सांभाळून मोठ्या घरात आल्या आणि एक-दोन वर्षांत सगळं संपलं. मी हे सांगते तेव्हा कल्याणच्या ताईंचा नळ माझ्या डोक्यात असतो.

जुन्या चाळींच्या पुनर्विकासाची चर्चा मुंबईभर चालू आहे. ज्या माणसांनी शंभर वर्षं जुन्या इमारतीत सामाईक संडास वापरत दिवस काढले, त्यांना स्वतःची मोरी आणि लिफ्ट मिळालीच पाहिजे, त्यात दुमत नको. पण ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या, तो जिना आणि तो पॅसेज जसाच्या तसा राखला पाहिजे, आणि राखायचं म्हणजे कुलूप लावून पितळी पाटी ठोकायची नव्हे. तिथे अभ्यासिका असावी, सकाळी लवकर उघडणारी, आसपासच्या मुलांना बसता येईल अशी. ती कशी चालवायची हे चाळीतल्या लोकांना विचारून ठरावं. दामोदर हॉलच्या जागी जे उभं राहील तिथे १९२४ च्या सभेचा स्पष्ट उल्लेख दर्शनी भागात असावा. आणि पोयबावडीपासून राजगृहापर्यंत फुटपाथवर ठिकठिकाणी मराठीत लिहिलेल्या फरश्या बसवाव्यात, म्हणजे गाडीने दादरला उतरलेल्या आजीबाईंच्या नातवाला कुणाला न विचारता वाट सापडेल. महापालिकेला एवढं जड नाही.

७ डिसेंबर १९५६ ची अंत्ययात्रा राजगृहाहून निघाली, पण ती सरळ शेजारच्या दादर चौपाटीला गेली नाही. आधी व्हिन्सेंट रोडने दक्षिणेकडे परळला उतरली, पोयबावडीवरून एल्फिन्स्टन पूल ओलांडून सयानी रोड, गोखले रोड करत समुद्राकडे गेली. कामगार वस्तीला शेवटचं दर्शन व्हावं म्हणून एवढा वळसा असावा. आम्ही वॉकमध्ये ज्या रस्त्याने चालतो, तो त्या दिवशी उलट दिशेने लाखोंनी चाललेला रस्ता आहे. पुढच्या वेळी आम्ही तो पूर्ण मार्ग धरायचं ठरवलंय. एल्फिन्स्टन पूल आता नव्या बांधकामासाठी बंद केलाय, म्हणून परळ स्टेशनच्या बाजूने लष्कराने २०१८ मध्ये बांधलेल्या पादचारी पुलावरून प्रभादेवीला उतरायचं आणि तिथून सयानी रोड गाठायचा. काका आता गुडघ्यामुळे जिने चढत नाहीत. ते टॅक्सी बघून परस्पर गोखले रोडला येऊन थांबणार आहेत, कारण त्यांच्या वडिलांनी तिथे कुठल्या बाजूला उभं राहून यात्रा पाहिली ते त्यांना आम्हाला दाखवायचंय.